चार वाजून दहा मिनिटांची फेरी

३ जून

ताई,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग वाटलं, तू तिथेच वाचायचं थांबशील, म्हणून कागद बदलला. फोन तू उचलत नाहीस, मेसेज पोचत नाहीत आणि मावशी तुझा पत्ता द्यायला तयार नाही. "पत्र दे, मी पोचवते. पण तिने फाडलं तर मला विचारायला येऊ नकोस," म्हणाली. तीन वर्षांनी हाताने लिहितोय. अक्षर घाण आहे, पण ते तेव्हाही होतं.

आधी चांगली बातमी. आपलं 'फेरी' ॲप विकलं गेलं. एखाददुसऱ्या गोदामवाल्याला नाही. अठरा शीतगृहं असलेल्या एका कंपनीने स्टोअरमधून एकदम चारशे बारा प्रती घेतल्या. तू दारोदार उंबरे झिजवायचीस आणि लोक वाटाण्याच्या अक्षता लावायचे, आठवतं? आता कुणाच्या दारात जावं लागत नाही. ॲप स्टोअरमध्ये कंपन्यांसाठी वेगळा विभाग असतो. खरेदी बघणाऱ्या बाई तिथे जाऊन किती प्रती हव्यात ते सांगतात, मग त्यांचा कॉम्प्युटरवाला जागेवर बसून सगळ्या कामगारांच्या फोनवर ॲप चढवतो, खातं आणि नावं भरून. कामगाराने फक्त बटण दाबायचं. खरेदीवाल्या बाईंनी मला फोनवर विचारलं, "तुमची टीम किती जणांची?" मी म्हटलं, "आटोपशीर आहे." पंख्याचा आवाज त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तो बंद करून घामाघूम होऊन बोलत होतो.

त्यांच्या माहितीपत्रकासाठी सगळं पहिल्यापासून लिहून काढावं लागलं. बाबा घरातून निघताना मोठ्याने म्हणायचे, "गॅस बंद. मोटार बंद. मागच्या दाराला कडी." आणि प्रत्येक गोष्टीला आपल्यापैकी एकाने "ऐकलं" म्हणायचं. उत्तर येईपर्यंत बूट घालून दारात उभे. ज्याला विचारलं त्यानेच उत्तर द्यायचं, दुसऱ्याने मधे तोंड घालायचं नाही. शीतगृहात मेकॅनिक म्हणूनही त्यांची हीच शिस्त. थंड खोलीत शिरण्याआधी बाहेरच्या एकाला सांगायचं, त्याने "ऐकलं" म्हणायचं आणि पंधरा मिनिटांत बाबा बाहेर आले नाहीत तर त्याने धावायचं. आपण तेवढंच ॲपमध्ये घातलं. एकाने 'आत जातोय' दाबायचं, दुसऱ्याने 'ऐकलं', मग पहिल्याने 'बाहेर आलो'. लिहिताना वाटलं, एवढी साधी गोष्ट, आणि तिने आपल्या घराचं काय करून ठेवलं.

आता ज्यासाठी पत्र लिहितोय ते. स्टोअरच्या तपासणाऱ्या माणसाला ॲप उघडून बघता यावं म्हणून आपण एक नमुना खातं केलं होतं. फेरी करणारा 'बाबा' आणि ऐकणारी 'ताई'. खोटी नावं सुचत नाहीत, असं तू म्हणालीस. त्यात मी कुठेच नव्हतो, म्हणून मी दोन दिवस फुगून बसलो होतो. ते खातं अजून आहे, कारण प्रत्येक नवीन आवृत्तीला तपासणाऱ्याला ते लागतं. सगळ्यात खाली, बाबा गेले त्या दिवसाची फेरीही तशीच आहे. 'बाबा: आत जातोय', चार वाजून दहा. 'ताई: ऐकलं'. आणि 'बाहेर आलो'पुढे रिकामी चौकट. अर्धवट फेरी कुणालाच पुसता येऊ नये, हा नियम तुझा. मी कितीदा पुसायला गेलो, तुला काय सांगू.

गेले दोन आठवडे त्या खात्यात कुणीतरी रोज फेरी करतंय. बाबांच्या नावाने. चार वाजून दहा मिनिटांनी 'आत जातोय'. थोड्या वेळाने तुझ्या नावाने 'ऐकलं'. पंचविसाच्या आसपास 'बाहेर आलो'.

ताई, हे तू करत असशील तर थांबव. मला शिक्षाच करायची असेल तर सरळ ये आणि दोन थोबाडीत दे. हे असं नको. कशाची शिक्षा, असं तू विचारशील. जाऊ दे.

आई बरी आहे. गुडघे दुखतात. तुझं नाव काढत नाही.

तुझा
बटण्या

(हे नाव तूच ठेवलंस. घरातलं प्रत्येक बटण दाबून बघायचो म्हणून. आता कुणी म्हणत नाही.)


११ जून

ताई,

मावशी म्हणाली, तू पत्र उभ्यानेच वाचलंस आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलंस. फाडलं नाहीस. मला तेवढं पुरे आहे. मावशीला मात्र पुरे नव्हतं. तिने मला अर्धा तास उभं-आडवं झापलं.

मी स्टोअरकडे विचारणा केली. तुमचा कुणी तपासणारा नमुना खात्यात रोज फेऱ्या करतोय का? उत्तर आलं, गेल्या महिन्यात आमच्याकडून कुणीही ते खातं उघडलेलं नाही. अगदी नम्र उत्तर होतं. ते वाचल्यावर मी उठून खोलीचं दार उघडून ठेवलं. का, ते माहीत नाही.

फेरीबरोबर शेरा लिहायची सोय आपण ठेवली होती ना? शुक्रवारी बाबांच्या नावाने पहिला शेरा आला. 'पंखा घुसमटतोय.' ताई, पंखा घुसमटतोय! बाकीचे लोक पंखा आवाज करतो म्हणतात, अडकतो म्हणतात. घुसमटतो म्हणणारा मी एकच माणूस बघितला. आई शेजारच्या खोलीत होती, तिला दाखवावं की नाही याचा विचार करत मी तो शेरा वीसेक वेळा वाचला असेन. दाखवला नाही.

एक गोष्ट तुला माहीत नाही. नमुना खात्यात तुझ्या नावाचं 'ऐकलं' कुणी दाबत नाही. तपासणारा एकटा असतो. उत्तर द्यायला दुसरं कुणी नसलं तर त्याची फेरी पुरीच होणार नाही आणि ॲप नामंजूर होईल. म्हणून मी तिथे आपोआप उत्तर बसवलं होतं. बरोबर चाळीस सेकंदांनी तुझ्या नावाने 'ऐकलं' येतं, कुणाच्या फोनवर घंटीही वाजत नाही. ते मी कधी बसवलं होतं हे विचारू नकोस. म्हणजे विचार, पण आज नको.

परवा मी ते काढून टाकलं. म्हटलं, कोण आहे ते एकदा कळू दे. उत्तर आलं नाही की तो माणूस वैतागून काहीतरी लिहील, स्वतःचं नाव सांगेल. खुर्ची ओढून फोन समोर ठेवून बसलो. चार वाजून दहा. 'बाबा: आत जातोय.' चौकट रिकामी, मी आकडे मोजतोय. नऊ सेकंद झाले आणि 'ताई: ऐकलं'.

मी पुन्हा जाऊन तपासलं. आपोआपचं उत्तर काढलेलं होतं. खरंच काढलेलं होतं. काल सहा सेकंद लागले. आज चौदा. मशीन असं कधी लवकर, कधी उशिरा करत नाही ताई, असं माणूस करतं. घंटी वाजते, माणूस हातातलं काम ठेवतं, हात पुसतं आणि दाबतं.

'ताई'ची घंटी ज्यावर वाजायची तो तुझा जुना फोन तुझ्याकडे आहे ना? आणि तो तू चार्ज करून ठेवतेस. हो म्हण. तू हो म्हणालीस तर मला झोप लागेल.

बटण्या


१९ जून

ताई,

सापडलं! इतकं साधं निघालं की मी एकटाच मोठ्याने हसलो. हसून झाल्यावर खाली बसलो.

नमुना खात्यात कुठल्या फोनवरून फेरी होते, त्याचा क्रमांक मी शोधून काढला. तो त्या चारशे बारांच्या यादीतला निघाला. चूक माझीच. कॉम्प्युटरवाल्याने प्रत्येक फोनची माहिती कशी भरायची, हे दाखवायला मी माहितीपत्रकात एक ओळ भरून दिली होती आणि आळसाने तिच्यात आपलंच नमुना खातं घातलं होतं. चारशे अकरा फोनांच्या ओळी त्याने नीट बदलल्या. एक राहिली. तो फोन लांबच्या एका शीतगृहातल्या मेकॅनिकच्या हातात गेला. त्याच्या फोनवर त्याचं नाव 'बाबा' दिसतं. कॉम्प्युटरवाल्याकडे मी सहज म्हणून चौकशी केली, तर तो म्हणाला, "हो हो, ते आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. त्यांना वाटतं पोरांनी चेष्टा केलीय. नाव आवडलं म्हणाले, राहू द्या."

चार-दहाचंही कोडं नाही. चार वाजता खोलीतलं बर्फ वितळवणारं यंत्र चालतं, दहा मिनिटांनी मेकॅनिक बघायला आत जातो. सगळ्या शीतगृहांत तसंच. आणि घुसमटणारा पंखासुद्धा बाबांच्या एकट्याच्या मालकीचा नसेल, त्यांच्या उस्तादाकडून आला असेल, तिथून याच्याही उस्तादाकडे गेला असेल. म्हणजे भूतबीत काही नाही. एक जिवंत माणूस रोज उणे वीस अंशांच्या खोलीत शिरतो आणि शिरण्याआधी सांगतो. त्याला वाटतं, ऑफिसातली कुणी ताई ऐकतेय.

आणि पहिले दोन-तीन आठवडे कुणीच ऐकत नव्हतं. मशीन 'ऐकलं' म्हणत होती.

हे कळल्याबरोबर मी खरेदीवाल्या बाईंना फोन करायला हवा होता. नंबर काढला. ठेवला. फोन केला तर त्या पहिला प्रश्न विचारणार, मग आधी उत्तर कोण देत होतं? आणि मशीन देत होती असं म्हटलं की चारशे बारा प्रती परत, शिवाय पुढचे सगळे प्रश्न. पुढचे प्रश्न मला नको आहेत. म्हणून मी गुपचूप नवीन आवृत्ती पाठवली आहे. कंपनीच्या फोनवर नमुना खातं चालणारच नाही, कॉम्प्युटरवाल्याला नीट माहिती भरावीच लागेल. स्टोअरवाल्यांना तपासायला चार-पाच दिवस लागतात. मंगळवारपर्यंत होऊन जाईल, कुणाला पत्ताही लागणार नाही.

तोवर तू आहेस. हे मागायला मला तोंड नाही, तरी मागतो. मंगळवारपर्यंत उत्तर देत राहा. तू इतकी वर्षं तो फोन जवळ ठेवलास, रोज घंटी वाजल्यावर बाबांच्या नावाला उत्तर देतेस, हे मला कळलंय ते मी कुणालाही सांगणार नाही. आणखी चार दिवस. तो माणूस बाहेर आला की नाही, तेवढं बघ.

मीही बघतोच आहे. पण तू बघितलेलं बरं.

बटण्या


२३ जून

ताई,

आज मोठं अक्षर काढतोय, एकही शब्द चुकीचा वाचला जाऊ नये म्हणून.

आज चार-दहाला 'आत जातोय' आलं. आठ सेकंदांत तुझं 'ऐकलं'. मी चहा करायला उठलो. परत आलो तेव्हा चार पंचवीस झाले होते, चौकट रिकामी. सव्वीस, सत्तावीस. मी मनाशी म्हटलं, विसरला असेल. ताई, मी खरंच असं म्हटलं. तीन वर्षांपूर्वी एका माणसाचं 'बाहेर आलो' आलं नाही, आणि मी चहाचा कप हातात धरून म्हणतोय, विसरला असेल.

एकतीसला तुझ्या नावाने शेरा आला. 'बाहेर आले नाहीत.' तेहतीसला पुन्हा तोच. चौतिसाला पुन्हा. मग मी कप ठेवला आणि फोन लावला. खरेदीवाल्या बाई मीटिंगमध्ये होत्या. मी त्यांच्या माणसावर ओरडलो, आयुष्यात कुणावर ओरडलो नसेन इतकं. बाई आल्या, मी एका दमात सगळं सांगितलं: चुकीचं खातं, मशीनचं उत्तर, आत माणूस आहे. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्या शीतगृहाला दुसऱ्या फोनवरून कळवलं आणि दोन्ही फोन एकमेकांजवळ धरले. मला तिथले लोक धावताना ऐकू येत होते. दार बर्फाने धरून ठेवलं होतं. आतली सुटकेची कळ तुटलेली. तीन-चार जण दार ओढत होते आणि ते हलत नव्हतं.

तेवढ्यात तुझा शेवटचा शेरा आला. 'ओढू नका. खाली डाव्या कोपऱ्यात पहार घाला.'

मी तो वाचून दाखवला. बाईंनी पुढे सांगितला. पहारेचा आवाज आला, एक, दोन, आणि मग खूप लोक एकदम बोलायला लागले. चार बावन्न. जिवंत आहे, ताई. दोन बोटं जातील म्हणतात, पण जिवंत आहे.

संध्याकाळी तो हॉस्पिटलमधून स्वतः बोलला. आवाज घोगरा, म्हातारा. "आत रेंज नसते हो. पण दार लावायच्या आधी कुणीतरी ऐकलं म्हटलं की पाय निःशंक पडतो. त्या ताईंना सांगा, मी आत बसून त्यांच्याच भरवशावर होतो." मी हो म्हटलं. खरेदीवाल्या बाईंनी शेवटी एवढंच विचारलं, "तुमची टीम एकाचीच ना?" मी म्हटलं, "हो." "मग या ताई कोण?" मी म्हटलं, "माझी बहीण. तीन वर्षांपूर्वी मी तिला बुडवलं."

आता ते लिहितो.

त्या दिवशी बाबा आपलं ॲप पहिल्यांदा कामावर नेणार होते. "माझ्यावर करून बघा," म्हणाले. आपलं खरं खातं स्टोअरच्या तपासणीत अडकलं होतं, म्हणून मी घाईत त्यांच्या फोनवर नमुना खातंच चढवलं. 'बाबा' आणि 'ताई', नावं तीच, कुणाला काय कळणार? आपोआपचं उत्तर त्यात होतं. ते काढायचं माझ्याकडून राहिलं. बाबांनी 'आत जातोय' दाबलं. तुझ्या फोनवर घंटी वाजलीच नाही. चाळीस सेकंदांनी मशीनने तुझ्या नावाने 'ऐकलं' म्हटलं आणि बाबा निर्धास्तपणे आत गेले. दार मागे बर्फाने धरलं, आणि पंधरा मिनिटांनी धावायला कुणी नव्हतं.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी नोंद उघडली. चार दहा आणि पाच सेकंद. चार दहा आणि पंचेचाळीस सेकंद. बरोबर चाळीस. मला त्याच क्षणी कळलं. तू भिंतीला पाठ लावून सगळ्यांना सांगत होतीस, "घंटी वाजलीच नाही, शप्पथ, वाजलीच नाही." आणि आई म्हणाली, "ऐकलं म्हणालीस आणि ऐकलं नाहीस." मी तीन फुटांवर होतो. मी फोन खिशात घातला. तू घर सोडलंस त्या दिवशी तुझी बॅग रिक्षापर्यंत मीच नेऊन दिली. तू म्हणालीस, "तुझा तरी विश्वास आहे ना?" मी म्हटलं, "हो." खोटं नव्हतं ते. माझ्याइतका विश्वास कुणाचाच नव्हता, कारण मला माहीत होतं.

आईला आज सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतलं. हातातल्या टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग म्हणाली, "तीन वर्षं तू माझ्यासमोर बसून जेवलास." टॉवेल तिथेच टाकून ती आत गेली आणि कडी लावून घेतली.

ॲप मी स्टोअरमधून उतरवलं. कंपनीच्या सगळ्या प्रती बंद केल्या, ज्यांनी ज्यांनी घेतलं होतं त्या सगळ्यांना कारण लेखी कळवलं. मला माफ कर, असं लिहिणार नाही. एक माणूस तुझ्यामुळे घरी जाणार आहे, एवढं तुला कळायला हवं. पहारेचं ते तुला बाबांनी कधी सांगितलं होतं? मला नव्हतं सांगितलं.

बटण्या


२ जुलै

ताई,

मावशीने सोमवारी तुझा कागद आणून दिला. या वेळी तिने झापलं नाही. दारातूनच परत गेली.

तुझ्या ओळी इथे उतरवतो, कारण आईला वाचून दाखवताना मी दोनदा अडखळलो आणि मला खात्री करून घ्यायची आहे की मी त्या बरोबर वाचल्या. 'फोन मी निघाले त्याच दिवशी कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत टाकला. तुमचं काहीही माझ्याकडे नाही. दार, कोपरा, पहार, मला यातलं काही माहीत नाही. त्या माणसाला मी वाचवलेलं नाही. मी काही दाबलं नाही. तेव्हाही नाही, आताही नाही.'

मी स्टूल घेतलं. आईने ते धरलं. त्या संध्याकाळनंतर ती पहिल्यांदाच माझ्या इतक्या जवळ उभी होती. पेटीत तुझ्या शाळेच्या वह्या, त्यांच्याखाली फोन. बॅटरी फुगून पाठीमागचं झाकण उचललं गेलंय, काच मधोमध तडकलीय. चार्जर लावला. काही नाही. हा फोन वर्षानुवर्षं बंद आहे, हे कुणीही सांगेल.

मग मी 'ताई'ची सगळी उत्तरं उघडून बसलो. प्रत्येक उत्तराशेजारी ते कुठल्या फोनवरून आलं त्याचा क्रमांक असतो. नऊ सेकंदांवालं, सहावालं, चौदावालं, शेवटचे चार शेरे. क्रमांकाची जागा सगळीकडे कोरी. मशीन उत्तर द्यायची तेव्हा तिथे 'आपोआप' असा शब्द यायचा. तोही नाही. जागा कोरी आहे, बस्स. मी हे ॲप स्वतःच्या हाताने लिहिलंय ताई, त्यात ती जागा कोरी राहू शकत नाही.

आईने शेरे वाचायला मागितले. फोन लांब धरून, चष्मा कपाळावर चढवून तिने पहारेचा शेरा वाचला आणि खुर्चीत बसली. म्हणाली, "न्हाणीघराचं दार फुगायचं तेव्हा मी ओढत बसायचे. ते ओरडायचे, ओढू नकोस, खाली डाव्या कोपऱ्यात." फोन माझ्या हातात देत म्हणाली, "त्या दिवशीही सगळे ओढतच होते." मला ते माहीत होतं. बातमी कळल्यावर धावत गेलो होतो, मीही ओढणाऱ्यांत होतो.

मी तिला म्हटलं, खातं आता बंद करून टाकतो. ॲप स्टोअरमधून उतरलंय, तपासणारा येणार नाही, त्या मेकॅनिकचा फोनही काढून घेतलाय, त्यात आता कुणीही नाही. आई म्हणाली, "चार-दहा होऊन जाऊ दे." काल चार-दहाला काही आलं नाही. परवाही नाही. ती रोज माझ्या खोलीत येऊन बसते आणि पंचवीस झाले की उठून जाते.

आज चार पंचवीस होऊन गेले तरी ती उठली नव्हती. मी खिडकी लावत होतो. ती म्हणाली, "अरे, हे बघ."

नवीन फेरी नव्हती. सगळ्यात खाली, तीन वर्षांपूर्वीची ती अर्धवट फेरी. 'बाबा: आत जातोय.' 'ताई: ऐकलं' नव्हतं, ताई. ते गेलंय. मशीनचं ते उत्तर पुसलं गेलंय, जे मला काही केल्या पुसता येत नव्हतं. आणि ज्या चौकटीकडे मी तीन वर्षं बघत आलो, तिच्यात आजची तारीख आहे.

'बाबा: बाहेर आलो.'

तू म्हणशील, हे बटण्यानेच केलं, मला परत बोलवायला. माझ्यावर विश्वास ठेवायचं तुला काही कारण नाही, हे मला मान्य आहे. म्हणून शपथ घेत नाही. आईला विचार, ती समोर बसलीय आणि तिने माझे हात पूर्ण वेळ खिडकीच्या कडीवर बघितलेत.

आता त्याच्याशेजारी 'ऐकलं'चं बटण उघडं आहे. तुझ्या नावाचं. चाळीस सेकंद कधीच होऊन गेले, कुणीही उत्तर दिलेलं नाही. मी ते दाबू शकतो. हे ॲप माझं आहे, कुणाच्याही नावाने काहीही दाबू शकतो. एकदा दाबलं गेलंय तसं. आईचा हातही पुढे गेला होता, पण तिने तो मागे घेतला. "तिला विचारलंय," म्हणाली, "तीच सांगेल."

मला भीती वाटतेय, ताई. दार उघडं ठेवलंय, खोलीत थंडी आहे, आणि बाहेर कडक ऊन असताना खिडकीची काच आतून धूसर झालीय. पण आई शाल घेऊन बसलीय आणि उठायला तयार नाही. ते बूट घालून दारात उभे असतील, म्हणते. उत्तर मिळेपर्यंत ते हलायचे नाहीत, तुला माहीत आहे.

हे पत्र घेऊन मी आत्ता मावशीकडे पळतोय. तू ये. माझ्यासाठी नको.

बटण्या